सरळ रेषांतील वक्र

मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) यांनी भूमितीच्या शिक्षणासाठी पुरस्कारिलेली दोरा ओवण्याची रीत संगणकाच्या आज्ञावलीत मोजक्या ओळींत मावते: एका अक्षावरील १ ते १० हे बिंदू दुसऱ्या अक्षावरील १० ते १ या बिंदूंना क्रमाने जोडावयाचे. दहाही रेषा सरळ. दृष्टीस पडतो तो अन्वस्त. ही केवळ यांत्रिक पुनरुक्ती होय, हा आक्षेप अपुरा आहे. पुणतांब्यास समाधी असलेल्या चांगदेवांच्या कोऱ्या पत्रास ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचे उत्तर दिले, असे परंपरा सांगते. तेथे अलिखिताचे वाचन झाले. येथे अरेखिताचे दर्शन घडते. त्याच चौकटीत रेषा हजार केल्यास मात्र वक्राची कडा सलग होते व प्रेक्षकाचे काम संपते. सबब या कलेचा कस रेषांच्या विपुलतेत न पाहता त्यांच्या निवडीत पाहिला पाहिजे.