सामसो बेटाचा ताळेबंद

हवामानबदलावरील व्याख्यानांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. डेन्मार्कमध्ये सामसो नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथल्या लोकांनी अवघ्या दहा वर्षांत सारे बेट नवीकरणीय ऊर्जेवर आणले. आता ते बेट हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याहून अधिक वाचवते. मागे पडद्यावर समुद्रातल्या पवनचक्क्यांचे देखणे चित्र असते आणि शेवटी टाळ्या होतात. ही गोष्ट मीही अनेकदा सांगितली आहे.

एकदा अकरावीच्या वर्गात ती सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, "सर, तिथल्या मोटारी कशावर चालतात?"

"बऱ्याचशा पेट्रोल-डिझेलवर," मी म्हणालो.

"मग सगळे बेट नवीकरणीय ऊर्जेवर कसे?"

मी काहीतरी उत्तर दिले, तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न सुटला नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे. सामसोच्या लोकांनी जे केले त्याविषयी मला आदर आहे. तक्रार आहे ती ही गोष्ट ज्या प्रकारे सांगितली जाते त्याविषयी.

प्रत्यक्षात काय घडले?

सामसोचे क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. मुख्य व्यवसाय शेती. इथले लवकर येणारे बटाटे साऱ्या डेन्मार्कमध्ये प्रसिद्ध आहेत. १९९७ साली डेन्मार्कच्या पर्यावरण व ऊर्जा मंत्रालयाने एक स्पर्धा जाहीर केली. एखाद्या बेटाने दहा वर्षांत केवळ नवीकरणीय ऊर्जेवर कसे जगावे, याचा आराखडा द्यायचा होता. अट अशी की, त्या वेळी बाजारात मिळणारे तंत्रज्ञानच वापरायचे. सामसोचा आराखडा निवडला गेला, पण बक्षिसाबरोबर पैशांची थैली आली नाही. त्या वेळी बेटावरची वीज समुद्राखालच्या केबलमधून मुख्य भूमीवरून येई, आणि ती बहुतांशी कोळशाची असे. घरे तापवायला जहाजातून तेल येई.

गावोगाव बैठका घेऊन लोकांना या कामात ओढण्याची जबाबदारी सोरेन हेर्मानसेन यांच्याकडे आली. ते याच बेटावर वाढलेले, आणि पूर्वी पर्यावरण हा विषय शिकवणारे शिक्षक होते. आपल्या वाचकांना हे कळल्यावर आनंद होईल.

पुढील काही वर्षांत झालेली कामे थोडक्यात अशी. २००० सालच्या सुमारास जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेक एकेका शेतकऱ्याच्या मालकीच्या होत्या आणि काही भागधारकांच्या सहकारी संस्थेच्या. २००३ मध्ये बेटाच्या दक्षिणेला समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या १० पवनचक्क्या बसल्या. त्यांपैकी ५ स्थानिक नगरपालिकेच्या होत्या. गव्हाचा पेंढा जाळून पाणी तापवायचे आणि ते जमिनीखालच्या नळांनी घरोघर फिरवायचे, अशी तीन केंद्रे चालू झाली. चौथे केंद्र लाकडाच्या चिपांवर आणि सौर तापकांवर चालते. दूरच्या एकट्या घरांनी आपापल्या सोयीने सौर तापक, लाकडाच्या भट्ट्या किंवा उष्णतापंप बसवले. या साऱ्यात ४० कोटी क्रोनरहून अधिक भांडवल गुंतले, म्हणजे माणशी सुमारे एक लाख क्रोनर.

एवढे पाहिले तर कोणीही दाद द्यावी असेच हे काम आहे. आता हिशेबाकडे वळू.

दोन निरनिराळ्या वह्या

समजा, एका शेतकऱ्याच्या घरी ज्वारी पिकते, पण तांदूळ पिकत नाही. तो जास्तीची ज्वारी विकतो आणि तांदूळ विकत आणतो. वर्षअखेर तो म्हणतो, "मी खातो त्याहून अधिक धान्य पिकवतो." हे खरेच आहे. पण "मी फक्त घरचेच धान्य खातो" असे तो म्हणाला, तर ते खरे नव्हे. पहिले विधान ताळेबंदाचे आहे, दुसरे ताटाचे.

सामसोच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. जमिनीवरच्या ११ पवनचक्क्यांची वीज साधारणपणे बेटाच्या वापराएवढी भरते. समुद्रातल्या १० पवनचक्क्यांची वीज बेटाला लागतच नाही. ती केबलमधून मुख्य भूमीवर जाते. मोटारी, ट्रॅक्टर आणि फेरीबोटी जे तेल जाळतात, त्याची भरपाई म्हणून ही वीज जमेच्या बाजूला धरली जाते. तेल जळतेच, पण वर्षअखेर वजाबाकी केली की उत्तर शून्याच्या खाली येते.

आकडे स्वतः मांडून पाहिलेले बरे. १ मेगावॅटची पवनचक्की वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, पूर्ण क्षमतेने फिरली तर ८७.६ लाख युनिट वीज देईल. वारा काही सतत वाहत नाही. जमिनीवर क्षमतेच्या २८ टक्के आणि समुद्रावर ३८ टक्के वीज मिळते असे धरू. मग जमिनीवरच्या ११ चक्क्यांची मिळून सुमारे २.७ कोटी युनिट होतात आणि समुद्रातल्या १० चक्क्यांची सुमारे ७.७ कोटी. एकंदर उत्पादनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग बेटाबाहेर जातो. बेटाचे सारे पुण्य या निर्यातीत आहे.

पुण्य आटत जाते

इथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा येतो, आणि गोष्ट सांगणारे तो नेहमी गाळतात. निर्यात केलेल्या विजेने कार्बन डायऑक्साइड किती वाचला, हे पवनचक्कीवर अवलंबून नसते. त्या विजेने कोणाला बाजूला सारले, यावर ते अवलंबून असते.

कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सामसोच्या ७.७ कोटी युनिटांनी सारी कोळशाचीच वीज हटवली असे धरले, तर वर्षाला सुमारे ६९ हजार टनांची बचत होते. आता समजा, मुख्य भूमीवरची निम्मी वीज कोळशाची आणि निम्मी वाऱ्याची झाली, आणि सामसोच्या विजेने दोन्ही सारख्याच प्रमाणात हटवल्या. तर बचत निम्म्यावर, म्हणजे सुमारे ३५ हजार टनांवर येते. पवनचक्क्या त्याच, वारा तोच, बेटावरच्या डिझेलचा धूरही तेवढाच. तरीही ताळेबंद बिघडला!

हे केवळ कल्पनेतले उदाहरण नाही. १९९७ मध्ये डेन्मार्कची वीज मुख्यतः कोळशाची होती. आज तिथली निम्म्याहून अधिक वीज वारा आणि सूर्य यांपासून येते. अर्थात काटेकोर हिशेब करायचा तर देशाची सरासरी पुरत नाही. ज्या घटकेला सामसोची वीज आली, त्या घटकेला कोणते केंद्र मंद केले गेले, हे पाहावे लागेल. रात्री जोराचा वारा सुटला, साऱ्या देशाच्या पवनचक्क्या गरगर फिरू लागल्या आणि विजेला गिऱ्हाईकच उरले नाही, तर त्या घटकेची बचत जवळजवळ शून्य होते. उलट वारा पडला की सामसोलाही त्याच केबलमधून वीज घ्यावी लागते. 'शंभर टक्के' हा आकडा वर्षाच्या बेरजेचा आहे, प्रत्येक तासाचा नव्हे.

यातून निघणारा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या पापातून मिळालेले पुण्य दुसरा सुधारला की संपते. डिझेलचा धूर मात्र आपला आपल्यालाच कमी करावा लागतो.

वहीत न आलेल्या बाबी

दुसरा आक्षेप वहीच्या मर्यादेविषयी आहे. सामसोचा प्रकल्प ऊर्जेचा होता, त्यामुळे वहीत ऊर्जाच आली. पण हरितगृह वायू केवळ इंधनातून येत नाहीत. गुरांच्या पोटातून आणि शेणमुतातून मिथेन येतो. शेतात टाकलेल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड येतो. शेती हाच ज्या बेटाचा मुख्य व्यवसाय, त्याच्या हिशेबात या बाबी किरकोळ कशा ठरतील? 'ऊर्जेत स्वयंपूर्ण' आणि 'हरितगृह वायूंपासून मुक्त' हे शब्दप्रयोग व्याख्यानात एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि गफलत तिथेच होते.

फेरीबोटीचे उदाहरणही बोलके आहे. २०१५ पासून नगरपालिकेची नवी फेरीबोट द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू लागली. पुढे बेटावरचाच जैववायू तिच्यासाठी वापरावा, असा विचार त्यामागे होता. पण सुरुवातीला वायू बाहेरूनच आला. डिझेलऐवजी नैसर्गिक वायू जाळला, तर तेवढ्याच उष्णतेसाठी कार्बन डायऑक्साइड सुमारे पाव हिस्सा कमी निघतो. मात्र नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि वजनाला वजन धरले तर वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. त्यामुळे न जळता निसटलेला थोडासा वायूही तो पाव हिस्सा खाऊन टाकू शकतो. धुराड्यातून काळा धूर येत नाही, एवढ्यावरून बोट 'स्वच्छ' ठरवता येत नाही.

श्रेय कोणाचे?

तिसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, "मूठभर शेतकऱ्यांनी केले, मग आपल्या ग्रामपंचायतीला का जमू नये?" उत्साह चांगला, पण गोष्टीचा अर्धा भाग पडद्यामागेच राहिलेला असतो. पवनचक्कीच्या विजेला दहा वर्षे ठरावीक भाव देण्याची हमी देशाच्या कायद्याने दिली होती. त्या हमीमुळे शेतकऱ्याला बँकेकडून कर्ज मिळाले. मुख्य भूमीला जोडणारी केबल आधीपासूनच होती. शिवाय डेन्मार्कच्या शेतकऱ्यांच्या सहकारी दुग्धालयांना शंभरहून अधिक वर्षांची परंपरा होती. भागभांडवल, सभा, लाभांश हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

हा शेवटचा मुद्दा महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तोही काही एका सभेत आणि एका भाषणाने नव्हे. शेअर्सचा पैसा, सरकारी धोरण आणि गावातल्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागल्या. त्यांतली एक काढून घेतली, तर उरते ते केवळ उद्घाटनाचे छायाचित्र.

मग गोष्ट सांगू नये काय?

अवश्य सांगावी. इतके आक्षेप घेऊनही सामसोच्या वहीत काही नोंदी ठाम शिल्लक राहतात. घरे तापवण्यासाठी जळणारे तेल खरोखरच मोठ्या प्रमाणात कमी झाले. ही भरपाई नव्हे, प्रत्यक्ष घट आहे. पवनचक्क्यांची मालकी गावात राहिली, त्यामुळे त्यांची कमाईही गावात राहिली. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, चार हजार माणसांनी आपण किती तेल, किती वीज आणि किती पेंढा जाळतो हे एकदा नीट मोजले. मोजल्यावाचून त्यांना पवनचक्क्यांची संख्या ठरवताच आली नसती.

माझ्या मते या गोष्टीतला खरा धडा पवनचक्कीत नाही, या मोजणीत आहे. तो वर्गात देता येतो, आणि त्यासाठी डेन्मार्कला जावे लागत नाही. ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून पाणीपुरवठ्याच्या पंपाचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे वर्षभराचे वीजबिल मागून घ्या. विद्यार्थ्यांना महिन्यावार युनिट मांडू द्या. ही वीज कशापासून येते, हे त्यांना शोधू द्या. मग विचारा की, पंचायतीने छपरावर सौरपट्ट्या बसवल्या तर दिवसाचा पंप त्यावर चालेल, पण रात्रीच्या दिव्यांचे काय? तिथे वर्षाची बेरीज आणि तासाचा हिशेब यांतला फरक मुलांना आपोआप कळेल.

गोष्ट आहे त्याहून सुंदर करून सांगितली की दोन प्रकारचे विद्यार्थी तयार होतात. काही सारेच खरे मानतात. काहींना एक भोक दिसले की ते सारेच खोटे मानतात. दोघेही पुढे मोजायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी फक्त शेवटची बेरीज पाठ केली होती. आता ही गोष्ट सांगताना मी मोटारींपासून सुरुवात करतो.