बालकांतील कृमिसंसर्ग व शौचतपासणी : पेडणे-डिचोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

शाळकरी मुलांच्या शौचतपासणीचे अहवाल बहुधा एका टक्केवारीवर येऊन थांबतात. ती टक्केवारी कोणत्या पद्धतीने मिळाली, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. अशा अहवालांचा मुख्य दोष हाच होय.

गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांचा विचार केल्यास ही बाब स्पष्ट होते. दोन्हीकडे पाऊस भरपूर, माती ओलसर आणि कुळागरांची सावली दाट. अशा मातीत अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात व अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. हा कृमी आतड्यातून रक्त शोषतो, त्यामुळे मुलांत रक्तक्षय होतो. तपासणीत सहज निसटणाराही हाच. नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यास विलंब झाला, तर उष्ण हवेत त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात.

एकाच नमुन्याची सलाईनमधील साधी स्लाइड सौम्य संसर्ग दाखवीलच असे नाही. जिआर्डियाच्या पुटी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत; म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने घेणे इष्ट ठरते. फॉर्मॉल-ईथर पद्धतीने अंडी व पुटी एकवटून शोध सोपा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वेक्षणासाठी शिफारस केलेल्या काटो-काट्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम मल घेतात. मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले की दर ग्रॅममागील संख्या मिळते. परंतु ही स्लाइड तासाभरात वाचली नाही, तर अंकुशकृमीची अंडी दिसेनाशी होतात. जिआर्डिया तर तीत दिसतच नाही. सूतकृमीसाठी सकाळी आंघोळीपूर्वी गुदद्वाराजवळ चिकटपट्टी लावूनच तपासणी करावी लागते.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. हा उपक्रम उपयुक्त आहे. तथापि एकच मात्रा गोलकृमीवर जितकी प्रभावी, तितकी चाबूककृमीवर नाही आणि जिआर्डियावर अपुरी पडते. त्यामुळे नमुना गोळीनंतर किती दिवसांनी घेतला, याची नोंद नसलेल्या टक्केवारीची तुलना कशाशीही करता येत नाही.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना शिक्षकांनी नमुन्यांची संख्या, विलंब, पद्धत व औषधाची तारीख या चार नोंदींचा आग्रह धरणे आवश्यक आहे. ‘कृमी आढळले नाहीत’ याचा अर्थ ‘कृमी नाहीत’ असा घेतला गेला, तर रक्तक्षयाने थकलेले मूल निरोगी ठरते आणि उपचाराविना राहते.