गाळलेल्या जागांची कादंबरीकार

इंग्लिश कादंबरीकार पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेकजण त्यांच्या वयापासून सुरुवात करतात. चित्रकार बर्न-जोन्स यांचं चरित्र हे त्यांचं पहिलं पुस्तक १९७५ साली आलं, तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. चारच वर्षांनी त्यांच्या ‘ऑफशोर’ कादंबरीला बुकर पुरस्कार मिळाला, त्या वर्षीच्या अंतिम यादीत नायपॉल यांची ‘अ बेंड इन द रिव्हर’ही होती. उशिरा आलेल्या या यशाचं कौतुक इतकं झालं, की कादंबऱ्या रचल्या कशा आहेत हे पाहायचं राहूनच गेलं.

वडील ‘पंच’ साप्ताहिकाचे संपादक, स्वतः ऑक्सफर्डला पहिल्या वर्गात उत्तीर्ण. पुढे मात्र संसार खचत गेला. वकील नवरा व्यसनात बुडाला, चेकवर खोट्या सह्या केल्याबद्दल त्याची सनद गेली. तीन मुलांना घेऊन टेम्स नदीवरच्या एका जुन्या बोटीत बिऱ्हाड केलं, तर १९६३ साली ती बोटच बुडाली. त्या शिकवत राहिल्या, घर चालवत राहिल्या.

‘द बुकशॉप’ आणि ‘ऑफशोर’ या अनुभवातूनच आल्या. ‘द बुकशॉप’मधली विधवा फ्लॉरेन्स समुद्राकाठच्या गावात पुस्तकांचं दुकान काढते आणि प्रतिष्ठितांच्या गोड बोलण्यापुढे हरते. लेखिका तिच्यासाठी गळा काढत नाही, म्हणून ती हार जास्त बोचते.

खरी झेप नंतरची. १९८६ ते १९९५ या काळातल्या चार कादंबऱ्यांत त्यांनी स्वतःचं आयुष्य मागे ठेवलं आणि इटली, रशिया, केंब्रिज, जर्मनी अशी दूरची स्थळं नि काळ निवडले. माझ्या मते यातली सर्वश्रेष्ठ ‘द बिगिनिंग ऑफ स्प्रिंग’. १९१३ सालचं मॉस्को. छापखान्याचा मालक फ्रँक रीड याची बायको अचानक निघून गेली आहे. ती का गेली, हे बराच काळ कळत नाही. मुलांना सांभाळायला आलेली लिझा रात्री बर्चच्या रानात जाते. तिथे झाडांच्या बुंध्यांना टेकून माणसं उभी असतात. फ्रँकची लहानगी मुलगी हे पाहते. ही माणसं कोण, कशासाठी जमली, याचा उलगडा लेखिका करत नाही. क्रांतीचं नावही न घेता येऊ घातलेल्या उलथापालथीची चाहूल त्या एका प्रसंगात लागते. अभ्यास अफाट आहे. छापखान्यातली कामाची पद्धत, थंडीत बंद केलेल्या खिडक्या उघडण्याची लगबग, सगळं नेमकं येतं. पण माहिती कथेवर स्वार होत नाही. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर अभ्यासावं.

गाळण्याची ही रीत दर वेळी साधत नाही. युद्धकाळातल्या बीबीसीवरच्या ‘ह्युमन व्हॉइसेस’मध्ये अधिकारी पदांच्या आद्याक्षरांनीच ओळखले जातात, आणि काही पात्रं तेवढीच उरतात.

त्या चारांतली शेवटची ‘द ब्लू फ्लॉवर’ ही कवी नोव्हालिसच्या तरुणपणाची कादंबरी. बारा वर्षांच्या सोफीवर तो जीव टाकतो; तिच्यात त्याला काय दिसलं हे त्याच्या भावालाही सुरुवातीला समजत नाही, आणि वाचकालाही लेखिका समजावून देत नाही. सोफी पंधराव्या वर्षी गेली. १९९५च्या बुकरच्या अंतिम यादीत हे पुस्तक नव्हतं, ही परीक्षकांची मोठी चूक होती. अमेरिकेतल्या नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलने १९९७चा पुरस्कार त्याला दिला, तेव्हा लेखिका ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. त्यानंतर त्यांची नवी कादंबरी आली नाही.