मेणबत्ती आणि तिकीट

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत आली. त्यांतली मायकेल फॅरडेची मेणबत्तीवरील सहा व्याख्याने (१८६०-६१) मी विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा वाचली. आजच्या प्रेरणा-सोहळ्यांतला वक्ता आपलीच यशोगाथा आळवतो. फॅरडे ज्योत दाखवतो, प्रयोग करतो. हे त्याचे मोठेपण मला मान्य आहे.

पण हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने तिकिटे दिली म्हणून त्याला डेव्हीची व्याख्याने ऐकता आली. पुढे डेव्हीबरोबर युरोपात गेला, तेव्हा त्याच्याकडून गड्याची कामे करून घेतली गेली. मेणबत्तीच्या व्याख्यानांत यातले अवाक्षर नाही.

पहिल्याच व्याख्यानात तो खाणीतल्या मेणबत्त्या दाखवतो. पूर्वी खाणकामगाराला मेणबत्ती पदरची आणावी लागे, असे सांगतो आणि पुढे सरकतो. मी तिथेच अडलो. उजेडही स्वतः विकत घ्यायचा, आणि खाणीतल्या वायूने पेट घेतला की त्याच उजेडाने मरायचे! त्या कामगाराचे पोर या सभागृहात होते काय?

‘सर, ते गिऱ्हाईक आलेच नसते तर?’ एका विद्यार्थ्याने विचारले.

ही व्याख्याने दूरचित्रवाणीवर नियमित दिसू लागली ती १९६६ पासून. मधे १४१ वर्षे गेली.