जंतूंची भीती आणि लाल कार्ड



मघाशी चहाच्या वेळी आम्ही एक उद्योग केला. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना विचारलं, घरी आरओ मशीन कुणाकुणाकडे आहे? बरेच हात वर झाले. त्याची कॅन्डल कितीला बसते, तेही सगळ्यांना पाठ. मग विचारलं, तुमच्या ग्रामपंचायतीच्या पाण्याला यंदा कोणत्या रंगाचं कार्ड मिळालं? कुणालाच माहीत नाही. फक्त एक आशाताई म्हणाल्या, "आमचं लाल होतं, आता पिवळं झालं."

आजचा विषय असा दिलाय की, आधुनिक समाज जंतूंना नको तितका घाबरायला लागला आहे का? आम्ही डॉक्टर नाही. जाहिराती, पोस्टरं, बोलण्यातले शब्द वाचणं हा आमचा धंदा. त्या वाचनातून आमचं मत असं झालंय की "जास्त की कमी" हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. भीती किती, यापेक्षा ती कुठं पाहते आणि कुठं पाहत नाही, हे बघायला हवं. जी वस्तू बाजारात विकत मिळते तिच्या दिशेनं ती धावते. जिच्यासाठी चारचौघांनी मिळून भांडावं लागतं, तिकडे तिची नजरच जात नाही.

साबणाची जाहिरात घ्या. त्यात आई असते, चिखलात खेळून आलेलं मूल असतं आणि भिंगाखाली वळवळणारे हिरवे राक्षस असतात. मग आकडा येतो, ९९.९ टक्के. या आकड्याची भाषा बघा. दहा लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. पण "हजार उरतात" असं कोणी छापत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्यं घरगुती साबणांतून काढायला लावली. कारण साधं होतं. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती जास्त उपयोगी आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. म्हणजे काम साबण आणि पाणीच करत होतं. साबण दुकानात मिळतो. पाण्याचं काय, हे जाहिरात सांगत नाही, कारण जाहिरातीतला नळ कायम वाहत असतो.

मुरबाडकडच्या एका शाळेत आम्ही हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं सुंदर रंगीत पोस्टर पाहिलं. खाली तीन नळ. एप्रिल महिना. तिन्ही कोरडे. शेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवलेली. आता, सॅनिटायझर मळलेल्या हातावर नीट चालत नाही, हे आरोग्य खातंच सांगतं. लावणीच्या दिवसांत इथल्या पोरांचे हात कोपरापर्यंत चिखलात असतात. त्याच चिखलातून, उंदरांच्या मुतातून, पायाच्या चिरेवाटे लेप्टो शरीरात शिरतो. तिथं खरी काळजी घ्यायला हवी आणि ती काळजी बाटलीत मावत नाही.

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. हल्ली मोबाइलवर एक ज्ञान फिरतं की पोरांना मातीत लोळू द्या, घाण खाऊ द्या, प्रतिकारशक्ती वाढते. याचं मूळ डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाच्या १९८९ च्या एका छोट्या लेखात आहे. मोठ्या कुटुंबातल्या, विशेषतः थोरली भावंडं असलेल्या मुलांना गवतामुळे होणारी सर्दी कमी होते, असं त्याला दिसलं. त्यानं त्याचं कारण लहानपणीच्या संसर्गांत शोधलं. पुढे इतर संशोधकांनी त्यात बरीच दुरुस्ती केली. माणसाचं शरीर ज्या निरुपद्रवी जंतूंच्या सोबतीनं घडलं, ते भेटायला हवेत. गॅस्ट्रो आणि कावीळ भेटायला नको. एवढा साधा फरक फॉरवर्डमध्ये गळून पडतो. ज्या पाड्यावर जुलाबानं पोर दगावलंय, तिथं जाऊन "माती खाऊ दे" म्हणायची कुणाची हिंमत आहे? गॅलरीत तुळशीची एकच कुंडी असलेल्या फ्लॅटमध्ये मात्र ते छान वाटतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण शहापुरात बसून दुसरं काही बोलणं बरं दिसणार नाही. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. तिकडे मुरबाडच्या बाजूला बारवी. तिचं पाणी कारखान्यांना आणि अंबरनाथ-डोंबिवलीकडच्या शहरांना. मुंबईला जाणारं पाणी वाटेत तुरटीनं निवळतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन पडतं. ते सोसायटीच्या टाकीत पोचतं आणि तिथं आरओमध्ये शिरतं. आरओचं खरं काम विरघळलेले क्षार काढायचं. आपल्या धरणांचं पाणी मुळातच गोडं. लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथं आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं. मशीनं काही थांबली नाहीत. प्यायच्या एका लिटरमागे त्याहून जास्त पाणी मोरीत जातं, आणि ते पाणी भातसाचं असतं.

शहरातली भीती अगदीच पोकळ आहे, असं आम्ही म्हणत नाही. पाणी ठरावीक वेळ सुटतं. नळ बंद असताना फुटक्या जोडातून गटार आत ओढलं जातं, हे खरंच घडतं. पण त्यावर उपाय पाइप बदलणं हा आहे. पाइपसाठी वॉर्ड ऑफिसात जावं लागतं; मशीन घरपोच येतं.

आणि धरणाच्या वरच्या अंगाला? उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, बाया तळातून घागरी भरतात. त्या विहिरीत टीसीएल पावडर टाकायचं काम जलसुरक्षकाचं. ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. नाही झालं तर नाही. पावडर चांगली आहे का, ती ठेवायला कोरडी जागा आहे का, विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, हे वर्षातून दोनदा तपासतात आणि धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. जंतूंच्या भीतीचं इतकं शहाणं, इतकं स्वस्त रूप दुसरं नसेल. त्याची जाहिरात कुठं पाहिलीत?

फेब्रुवारी २०२२ आठवा. याच तालुक्यातल्या वेहळोलीत एका पोल्ट्रीत शंभरेक कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या परिसरातले सुमारे २५ हजार पक्षी मारायचे ठरले. कठोर वाटलं तरी ते बरोबर होतं, असं आम्हाला वाटतं. भीती जागच्या जागी होती, शेडमध्ये, नमुन्यांत, पंचनाम्यात. पण लोकांची भीती ताटात गेली. नीट शिजवलेल्या कोंबडीतून हा रोग येत नाही, हे सांगूनही लोक चिकन टाळत राहिले. पोल्ट्रीवाल्यानं दोन मार खाल्ले, एक रोगाचा, एक ताटाचा.

ताटातून ही भीती माणसाच्या अंगावर जाते, ते जास्त वाईट. मार्च २०२० मध्ये याच महामार्गानं, कसारा घाट चढत मजूर गावाकडे चालत होते. त्याच सुमारास उत्तर प्रदेशात बरेलीला मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारलं गेलं. विषाणू मुख्यतः हवेतून जातो, बंद खोलीत जातो, हे कळल्यावरही लोक लिफ्टची बटणं पुसत राहिले.

आपल्याकडे या भीतीला आधीच एक साचा तयार होता. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्याले. मग गावच्या सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते "शुद्ध" केलं. जनावरं त्याच तळ्यावर पाणी पीत होती. शेण-गोमूत्र पिण्याच्या पाण्यात ओतणं म्हणजे स्वच्छता, असं ज्यांना वाटलं, त्यांना जंतूंची भीती नव्हती, एवढं तरी नक्की. आज कोणी "विटाळ" म्हणत नाही. "इन्फेक्शन" म्हणतात. कामवाल्या ताईंचा कप वेगळा, त्यांची लिफ्ट वेगळी. विचारलं तर उत्तर येतं, "हायजीन हो, दुसरं काही नाही." आणि त्याच ताईंनी हातानं थापलेली भाकरी घरातले सगळे गरम गरम खातात.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, आणि आम्हाला आसनगावहून गाडीही पकडायची आहे. त्याआधी प्रश्न घेऊ. आशाताई, लाल कार्डाचं पिवळं कसं झालं ते तुम्ही सांगत होता आणि चहा संपला. तुमच्यापासूनच सुरू करू. माइक त्यांच्याकडे द्या.