साथीदाराचे आसन

देवळाच्या सभामंडपात कीर्तनास बसणाऱ्या श्रोत्यास साथीदाराची जागा सांगावी लागत नाही. बुवा पुढे, मृदंगी मागे. न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांतील लॅटिन वाद्यवृंदांतही रिवाज असाच होता. गायक पुढे आणि तालवाद्ये मागील रांगेत. टिटो पुएन्ते ह्या वाद्यवृंदनायकाने आपले 'तिंबालेस' रंगमंचाच्या अग्रभागी आणून तो रिवाज मोडला. धातूच्या घेराचे, काठ्यांनी वाजवावयाचे हे जोडवाद्य तो उभ्याने वाजवी व त्याच्याच इशाऱ्यावर सारा वृंद चाले.

पण पुढे येणे निराळे आणि पुढे येण्यास पात्र असणे निराळे. पोर्तो रिकोच्या मातापित्यांचा हा पुत्र १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात चाकरी करून परतल्यावर, सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणसवलतीवर त्याने ज्युलियार्ड ह्या विख्यात संगीतविद्यालयात अध्ययन केले. तालियाला स्वररचनेची विद्या लाभली, हेच त्याच्या यशाचे मर्म होय.

१९५८ च्या 'डान्स मेनिया' ह्या ध्वनिमुद्रिकेत ह्याचा प्रत्यय येतो. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे', पाच ठोक्यांची एक अढळ आकृती. पुएन्तेच्या रचनेत तुताऱ्या ह्या आकृतीवर नुसत्या स्वार होत नाहीत. त्या तिला प्रश्न विचारतात आणि ताल उत्तर देतो. नायक स्वतः तालवादक असूनही इतरांस वाव देतो. हा संयम मला त्याच्या चपळ हातांहून मोलाचा वाटतो. पुढील काळातील शंभरावर ध्वनिमुद्रिकांत मात्र पुनरुक्ती पुष्कळ आहे व कित्येकदा नटवेपणा संगीतावर मात करतो, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच्यावरील मुख्य आक्षेप उसनवारीचा. 'ओये कोमो वा' ह्या त्याच्या १९६२ च्या चा-चा-चाचा आरंभ काचाओ ह्या क्यूबन वादकाच्या 'चांचुयो'शी उघडच मिळताजुळता आहे. पुढे १९७० साली मेक्सिकोत जन्मलेल्या कार्लोस सांतानाने तेच गीत विद्युत्-गिटारवर वाजविले आणि ते सांतानाचेच, अशी असंख्यांची समजूत झाली. रचनाकार म्हणून नाव पुएन्तेचे राहिले, रॉयल्टीही त्यास मिळाली. काचाओच्या वाट्यास मात्र जाणकारांची आठवण तेवढी आली.

वकिली पेशामुळे मला मालकीचे दावे परिचित आहेत. कागदावर मालक एकच असावा लागतो. परंपरेत तसे नसते. तथापि परंपरेच्या नावाखाली पूर्वसूरींचे ऋण बुडविणे हाही अन्यायच. स्वतः पुएन्तेने हे ऋण सर्वस्वी झाकले नाही. 'साल्सा' ह्या नव्या नावाची थट्टा करून, आपण वाजवितो ते क्यूबन संगीत, असे तो सांगत असे.

२००० साली तो निवर्तला. तो ह्या संगीताचा जनक नव्हे. परंतु मागे बसणाऱ्यास पुढील आसन त्याने मिळवून दिले आणि विद्येच्या बळावर ते राखले. माझा निवाडा असा की, हा हक्क त्याचा निर्विवाद आहे.