चित्राविना सामना: मजकुरावर चालणाऱ्या मॅनेजर-खेळांना गर्दी का नाही?

आज आपण व्हिडिओ गेमच्या दुनियेतल्या एका कोपऱ्याकडे वळतोय. इथे बॅट हातात येत नाही, चेंडूला लाथ मारता येत नाही. आपण असतो संघाचे मॅनेजर. खेळाडू विकत घ्यायचे, संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे. मग सामना उलगडतो तो ओळींमधून आणि आकड्यांमधून. यातल्या उत्तम खेळांनाही मोठा प्रेक्षक का मिळत नाही, हा आपला आजचा प्रश्न.

उदाहरण घेऊ 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'चं. मार्कुस हाइन्झोन या जर्मन प्रोग्रामरने ही मालिका १९९९ मध्ये सुरू केली. तिच्या २००७ च्या आवृत्तीला मेटाक्रिटिक या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर १०० पैकी ९६ गुण आहेत. 'हाफ-लाइफ'लाही तितकेच आहेत. पण 'हाफ-लाइफ'चं नाव कधी गेम न खेळलेल्यांच्याही कानावर असतं, आणि या खेळाचं नाव बेसबॉलवेड्यांच्या बाहेर फारसं गेलं नाही.

नेहमीचं उत्तर तयार असतं: चित्रं नाहीत ना, म्हणून! आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं. ब्रिटनमध्ये १९९२ साली कॉलियर बंधूंचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला. त्यात सामना म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या समालोचनाच्या ओळी. मैदान वरून दिसायला लागलं ते थेट २००३ मध्ये. तरी मधली दहा वर्षं तिथल्या तरुणांनी या खेळापायी रात्री जागवल्या. कारण फुटबॉल त्यांच्या डोक्यात आधीच होता. शनिवारी रेडिओवर आणि टेलिटेक्स्टवर गोल 'वाचायची' सवय होती. 'डावीकडून क्रॉस' एवढी ओळ आली, की उरलेलं चित्र वाचणारा स्वतः काढत असे.

आपल्याला हे परकं वाटू नये. ट्रान्झिस्टरला कान लावून कसोटी 'बघितलेली' पिढी आपल्यात आहे. शाळेत मागच्या बाकावर पुस्तकाची पानं उलटून क्रिकेट खेळलेलेही असतील. पानाच्या आकड्यातून चौकार निघायचा, आणि तो मारणारा फलंदाज आपल्याला दिसायचा! मजकूर हा अडसर नसतो. त्याला ऐकणाऱ्याची आठवण लागते, एवढंच. जिथे त्या खेळाची आठवणच नाही, तिथे ओळी नुसत्या ओळी राहतात.

दुसरं कारण अधिक खोल आहे. या खेळांतला आनंद शेजारी उभ्या असलेल्याला दिसत नाही. १९१९ च्या डिसेंबरात बोस्टन रेड सॉक्सने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकलं. अमेरिकन बेसबॉलमधली ही सगळ्यांत गाजलेली विक्री. हाइन्झोनच्या खेळात आपण तो काळ निवडू शकतो आणि रूथला विकायचं नाही असं ठरवू शकतो. मग एकामागून एक हंगाम सरकतात, वेगळाच इतिहास साचत जातो. खेळणाऱ्यासाठी ही कादंबरी असते. मागून बघणाऱ्याला दिसतो फक्त एक तक्ता. तीस सेकंदांच्या जाहिरातीत हे कसं दाखवणार?

इथपर्यंत आम्ही या खेळांची बाजू घेतली. आता तक्रार. त्यांचे चाहते अभिमानाने म्हणतात, 'हे सगळ्यांसाठी नाहीच.' या वाक्याखाली दोन वेगळ्या अवघडपणांची सरमिसळ होते. स्काउटने एखाद्या पोराबद्दल दिलेला अहवाल चुकीचा निघू शकतो. हा अवघडपणा अर्थपूर्ण आहे, कारण खऱ्या मॅनेजरलाही तसंच अंधारात चाचपडावं लागतं. पण पहिल्याच पडद्यावर संक्षेपांनी भरलेले रकाने समोर टाकायचे आणि त्यांचा अर्थ नवख्याने दुसरीकडे शोधायचा, यात कसली खोली? हा निव्वळ आळस आहे. पहिला अवघडपणा काढला तर खेळ मरतो. दुसरा काढला तर कुणाचंच नुकसान नाही.

मालिका मोठी झाली की हा फरक महागात पडतो. कॉलियरांच्या परंपरेतला 'फुटबॉल मॅनेजर' २००९ च्या आवृत्तीपासून सामने त्रिमितीत दाखवतो. पुढे तो नव्या ग्राफिक्स इंजिनवर नेण्याचं ठरलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२५ ची आवृत्ती रद्दच झाली. कंपनीने बोट दाखवलं ते खेळणाऱ्याच्या एकूण अनुभवाकडे आणि इंटरफेसकडे. म्हणजे या प्रकाराचा जीव कुठे आहे बघा! गवत किती हिरवं दिसतं यापेक्षा माहिती आपल्यासमोर कशी मांडली जाते, यावर सगळं उभं आहे.

तेव्हा आमचं म्हणणं असं. हा प्रकार काही अंशी लहानच राहणार, आणि त्यात कमीपणा नाही. ज्याला त्या खेळाची ओढ नाही, त्याला ओळींमधून मैदान दिसणार नाही. पण ज्याला ओढ आहे आणि जो तरीही पहिल्या अर्ध्या तासात खेळ बंद करतो, त्याच्या जाण्याला 'त्याची पात्रता नव्हती' म्हणणं बरोबर नाही. तो वाचक होता. त्याला वाचता येईल असं पान कुणी मांडलं नाही.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ या.